धरणं भरली, तरी पाणी का तोडतात?

पुण्यात दर उन्हाळ्यात एक प्रश्न हमखास कानावर येतो. "ऑगस्टमध्ये तर धरणं भरून वाहत होती. मुठा नदीत पाणी सोडलं, भिडे पूल पाण्याखाली गेला. मग मे महिन्यात आमच्या नळाला पाणी का नाही?"

उत्तरंही ठरलेली असतात. कुणी टँकरवाल्यांना दोष देतं, कुणी बिल्डरांना, कुणी उसाला, तर कुणी महापालिकेला. प्रत्येकात थोडंफार तथ्य आहे. पण या सगळ्यांच्या मुळाशी एक हिशेब आहे आणि तो सहसा कुणी समजावून सांगत नाही. पाऊस दर वर्षी वेगळा वागतो आणि शहराला पाणी मात्र रोज तेवढंच लागतं. या दोहोंचा मेळ कसा घालायचा, हे या प्रकरणात टप्प्याटप्प्याने पाहू. गणित बेरीज-भागाकाराच्या पलीकडे जाणार नाही.

१. वर्तमानपत्रातली चौकट कशी वाचायची?

पावसाळ्यात पुण्याच्या वर्तमानपत्रांत रोज एक छोटी चौकट येते. त्यात धरणाचं नाव, आजचा साठा, टक्केवारी आणि गेल्या वर्षी याच दिवशी किती साठा होता हे दिलेलं असतं. साठा मोजतात टीएमसीत. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, लिटरमध्ये सांगायचं तर सुमारे २,८३२ कोटी लिटर.

पुणे शहर मुख्यतः खडकवासला साखळीतल्या चार धरणांवर जगतं. त्यांची उपयुक्त क्षमता अशी: वरसगाव १२.८२, पानशेत १०.६५, टेमघर ३.७१ आणि खडकवासला १.९७ टीएमसी. एकूण २९.१५ टीएमसी. वरची तिन्ही धरणं खाली खडकवासल्यात पाणी सोडतात आणि तिथून ते जलवाहिनीने व कालव्याने शहराकडे येतं.

शहराचा वापर ढोबळमानाने वर्षाला २० टीएमसी धरू. याचा अर्थ रोज ०.०५५ टीएमसी, म्हणजे सुमारे १५५ कोटी लिटर. महिन्याला १.६४ टीएमसी.

आता गंमत पाहा. 'खडकवासला शंभर टक्के भरलं' ही बातमी जुलैत येते आणि लोक निर्धास्त होतात. पण खडकवासला हे साखळीतलं सगळ्यात लहान धरण. ते काठोकाठ भरलं, तरी साखळीच्या क्षमतेच्या सात टक्केही पाणी होत नाही. शहराला ते ३६ दिवस पुरेल. आपण पुलावरून जे पाणी वाहताना पाहतो ते या लहान धरणातून सोडलेलं असतं. त्याच वेळी वर वरसगाव अर्धंच भरलेलं असू शकतं. म्हणून चौकटीत पाहायचा आकडा चार धरणांच्या बेरजेचा.

२. एका वर्षाचीच बेगमी

काही घरांत सुगीला वर्षाचं धान्य एकदमच भरून ठेवतात. गहू-ज्वारी पुढच्या सुगीपर्यंत पुरवायची असते. अशा घरात दोन गोष्टींची काळजी असते: कणगी पूर्ण भरली का आणि पुढची सुगी वेळेवर येईल का. खडकवासला साखळी हे असंच घर आहे. इथे दोन वर्षांचं धान्य मावत नाही.

का मावत नाही, ते मोजून पाहू. राज्यात पाटबंधाऱ्याचं नियोजन १५ ऑक्टोबरच्या साठ्यावर होतं, कारण तोवर पावसाळा आटोपलेला असतो. समजा, त्या दिवशी चारही धरणं पूर्ण भरलेली आहेत: २९.१५ टीएमसी. तिथून १५ जुलैपर्यंत २७३ दिवस होतात. शहराला एवढ्या दिवसांसाठी सुमारे १५ टीएमसी लागेल. उरले १४. त्यातून बाष्पीभवन वजा करायचं आणि मग शेतीची रब्बी व उन्हाळी आवर्तनं, म्हणजे कालव्याने ठरावीक मुदतीने सोडायचं पाणी, द्यायची. याच धरणांचा नवा मुठा उजवा कालवा सुमारे २०० किलोमीटर धावत हवेली, दौंड आणि इंदापूर तालुक्यांना पाणी देतो. ही आवर्तनं संपता संपता जून येतो आणि साठा तळाला जातो.

सुदैवाने घाटात पाऊस इतका पडतो की बहुतेक वर्षी साखळी पुन्हा भरते आणि वरचं पाणी भीमा नदीतून उजनी धरणात जातं. वर्षाच्या एकूण पावसाची चणचण पुण्याला क्वचितच भासते. खरी धाकधूक असते ती तारखेची.

३. वाईट वर्ष दोन तऱ्हांचं

पहिली तऱ्हा उशिराची. २०२२चा जून पाहा. महिना संपत आला तरी घाटात पाऊस नव्हता. धरणांनी तळ गाठला आणि महापालिकेने ४ जुलैपासून दिवसाआड पाणी द्यायचं ठरवलं. त्याच आठवड्यात घाटात धुवाधार पाऊस सुरू झाला, कपात मागे घ्यावी लागली आणि त्याच महिन्यात खडकवासल्यातून मुठेत विसर्ग सुरू झाला. वर्षअखेरीला पावसाची बेरीज पाहिली, तर त्यात टंचाईचा मागमूस नाही.

दुसरी तऱ्हा तुटीची. २०१५ साली देशभरच पाऊस सरासरीपेक्षा १४ टक्के कमी झाला. खडकवासला साखळी जेमतेम निम्मी भरली. त्या सप्टेंबरपासूनच पुण्यात दिवसाआड पाणी सुरू झालं आणि पुढचा पावसाळा येईपर्यंत चाललं.

दोन्ही तऱ्हांवरचा इलाज वेगळा आहे. उशिरावर इलाज म्हणजे जूनमध्ये हाताशी राखीव पाणी असणं. तुटीवर इलाज म्हणजे ऑक्टोबरातच हात आखडता घेणं. नुसत्या सरासरीवर बेतलेलं नियोजन या दोन्ही वेळी तोंडघशी पडतं.

सरासरीचा आणखी एक घोळ आहे. शिवाजीनगरच्या वेधशाळेत वर्षाला साधारण ७२० मिलिमीटर पाऊस मोजला जातो. तिथून पश्चिमेला ताम्हिणीच्या घाटात पाऊस हजारोंच्या घरात जातो. धरणं भरतात ती घाटातल्या पावसाने. शहरात तासभर सरी कोसळून रस्ते तुंबले, तरी त्यातला थेंबही पानशेतला जात नाही, कारण धरणं शहराच्या वरच्या अंगाला आहेत. त्यातून जूनचा पहिला पाऊस घाटात पडला, तरी तापलेली जमीन तो आधी स्वतः पिते. माती भिजून ओढे वाहू लागेपर्यंत दिवस जातात. म्हणून 'मान्सून पुण्यात दाखल' या बातमीच्या दिवशी धरणाची पातळी तसूभरही वाढलेली नसते.

४. किती वर्षांपैकी किती वर्षं?

सरासरी भरवशाची नसेल, तर नियोजन कशावर करायचं? जलअभियंते यासाठी 'विश्वासार्हता' मोजतात. कल्पना सोपी आहे.

एक कल्पित धरण घेऊ. त्याच्या १९ वर्षांच्या नोंदी आहेत. दर वर्षी किती पाणी आलं, ते आकडे मोठ्याकडून लहानाकडे उतरत्या क्रमाने लिहिले. पहिला आकडा ४५ टीएमसी, मधला ३०, पंधरावा २४ आणि शेवटचा, म्हणजे एकोणिसावा, १३. आता क्रमांकाला वर्षांच्या संख्येपेक्षा एकाने मोठ्या आकड्याने, म्हणजे २० ने भागायचं. पंधरा भागिले वीस म्हणजे ७५ टक्के. म्हणून २४ टीएमसी हे या धरणाचं '७५ टक्के विश्वासार्ह' पाणी. चारपैकी तीन वर्षं निदान एवढं पाणी येईल, असा त्याचा अर्थ. शेवटच्या आकड्याला एकोणीस भागिले वीस, म्हणजे ९५ टक्के. तेरा टीएमसी पाणी वीसपैकी एकोणीस वर्षं मिळेल.

मधल्या ३० वर योजना आखली, तर जवळजवळ दर दुसऱ्या वर्षी तूट येईल. २४ वर आखली तर चार वर्षांतून एकदा, १३ वर आखली तर वीस वर्षांतून एकदा.

सिंचनासाठी ७५ टक्के विश्वासार्हता चालते, असा आपल्याकडचा प्रघात आहे. चार वर्षांत एक पीक हुकलं, तर शेतकरी अडचणीत येतो, पण सावरू शकतो. पिण्याच्या पाण्याला मात्र ९५ टक्के किंवा त्याहून जास्त लागते, कारण शहराला चौथ्या वर्षी तहान मारा, असं सांगता येत नाही. अडचण अशी की पुण्यात ही दोन्ही गिऱ्हाइकं एकाच धरणावर आहेत. महापालिकेचा करारातला कोटा बरीच वर्षं ११.५० टीएमसी होता, प्रत्यक्ष वापर त्याच्या दुपटीकडे झुकला. २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावं शहरात आली. भरवशाच्या पाण्याची मागणी वाढली की चांगल्या वर्षी ते कुणाला टोचत नाही. वाईट वर्षी मात्र ती सगळी वाढ इंदापूर-दौंडच्या आवर्तनातून वजा होते.

आणि भीमेच्या खालच्या अंगाला याची झळ आणखी वाढते. २०२३च्या पावसाळ्यात खडकवासला साखळी बऱ्यापैकी भरली, पण उजनी साठ टक्क्यांच्या आसपासच अडकलं आणि २०२४च्या उन्हाळ्यात त्याचा साठा उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेला. 'उणे' म्हणजे उपयुक्त साठा संपून मृत साठ्याला हात लागलेला. एकाच खोऱ्यात, एकाच वर्षी, वरच्याचं भागलं आणि खालच्याचं भागलं नाही.

५. जुन्या नोंदींवर किती विसंबायचं?

विश्वासार्हतेच्या गणितात एक गृहीतक लपलेलं आहे: पुढची वीस वर्षं मागच्या वीस वर्षांसारखीच असतील. हे गृहीतक कसं मोडतं, याचं नावाजलेलं उदाहरण ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहराचं. तिथे १९७० च्या दशकाच्या मध्यापासून हिवाळी पाऊस घटला आणि धरणांत येणारं पाणी आधीच्या तुलनेत निम्म्यावर आलं. सुरुवातीला हे एखादं वाईट पर्व वाटलं. पुढे तिथल्या नियोजनकारांनी जुन्या, ओल्या वर्षांच्या नोंदी हिशेबातून वगळल्या आणि अलीकडच्या कोरड्या वर्षांवर योजना बेतली. २००६ साली समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्पही सुरू केला.

आपल्याकडचा बदल वेगळ्या जातीचा आहे. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. ते बाष्प मग कमी दिवसांत, मोठ्या झोडीने उतरतं. पुण्यातल्याच भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या.

पाणीपुरवठ्याला याचा काय त्रास? बेरीज तेवढीच राहून पाऊस थोडक्या दिवसांत आला, तर धरण ते पाणी धरू शकत नाही. २५ जुलै २०२४ला घाटात प्रचंड पाऊस झाला आणि खडकवासल्यातला विसर्ग ३५,००० क्युसेकच्या पुढे गेला. सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. दिवसात ८६,४०० सेकंद असतात. गुणाकार केला, तर हा वेग दिवसभर टिकल्यास तीन टीएमसी पाणी निघून जाईल, म्हणजे दीड खडकवासला. शहराच्या पावणेदोन महिन्यांच्या वापराइतकं पाणी चोवीस तासांत नदीवाटे जातं आणि वर नुकसान करून जातं.

धरण चालवणाऱ्याची कोंडी इथे आहे. जुलैत पुरासाठी जागा रिकामी ठेवायची म्हटली आणि ऑगस्टात पावसाने दडी मारली, तर धरण भरायचं राहून जातं. लवकर भरून घेतलं आणि मोठी झोड आली, तर नदीकाठच्या वस्त्या बुडतात. कोणत्या तारखेला पातळी किती ठेवायची, याचं वेळापत्रक धरणांसाठी ठरवलेलं असतं. पावसाची ठेवण बदलली की ते वेळापत्रकही पुन्हा तपासावं लागतं.

६. अंदाजाचा उपयोग काय?

पुणं या बाबतीत भाग्यवान. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून इथे आलं. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला जुने पुणेकर अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात. देशाच्या मान्सूनच्या दीर्घकालीन अंदाजाचं काम याच शहरात होतं. मग त्या अंदाजावरच पाणी का वाटू नये?

कारण अंदाज शक्यता सांगतो, हमी देत नाही. प्रशांत महासागराचा विषुववृत्ताजवळचा मध्य आणि पूर्व भाग नेहमीपेक्षा तापला की त्याला एल निनो म्हणतात. त्या वर्षी आपला मान्सून अशक्त होण्याची शक्यता वाढते. पण १९९७ साली गेल्या शतकातल्या सर्वांत बलवान एल निनोंपैकी एक असताना देशात पाऊस सरासरीइतका झाला. २०१५ साली मात्र एल निनोने दगा दिला. २०२३ साली देशातला ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला.

म्हणून अंदाजाचा शहाणा उपयोग राखीव साठा ठरवण्यासाठी होतो. पिण्याचं पाणी एरवी १५ जुलैपर्यंत राखून ठेवतात. २०२३ साली एल निनोची चाहूल लागल्यावर राज्य सरकारने ३१ ऑगस्टपर्यंत पुरेल असं नियोजन करायला सांगितलं. हे ४७ जादा दिवस पुण्याला किती महाग पडतात? २.६ टीएमसी. म्हणजे भरलेल्या खडकवासल्यापेक्षा जास्त पाणी. पाऊस वेळेवर आला, तर ते पाणी 'उगाच' अडवून ठेवलं, अशी टीका होणार. विम्याचा हप्ता वाया गेला, तरी विमा काढणं चूक ठरत नाही, हे मान्य असेल तरच हा निर्णय टिकतो.

७. थोडी कपात लवकर, की मोठी कपात उशिरा?

समजा, मार्चच्या सुरुवातीला लक्षात आलं की जूनअखेर एक टीएमसी कमी पडणार आहे. दोन वाटा आहेत.

लगेच कपात सुरू केली, तर पुढच्या १२० दिवसांचा वापर ६.६ टीएमसी. त्यातून एक वाचवायचा, म्हणजे १५ टक्के कपात. हेच १ जूनपर्यंत ढकललं, तर उरलेल्या ३० दिवसांचा वापर १.६४ टीएमसी. त्यातून एक वाचवायचा म्हणजे ६१ टक्के कपात! पहिल्या वाटेने आठवड्यातून एक दिवस पाणी बंद, दुसऱ्या वाटेने दिवसाआडसुद्धा पुरणार नाही. १८ मे २०२३पासून पुण्यात दर गुरुवारी पाणी बंद ठेवलं होतं, ते याच पहिल्या जातीचं.

कागदावरची बचत प्रत्यक्षात पूर्ण मिळत नाही. बुधवारी रात्री पिंप-बादल्या भरून ठेवल्या जातात आणि शुक्रवारी ताजं पाणी आलं की त्या ओतल्या जातात. रिकाम्या झालेल्या नळांत हवा शिरते आणि टोकाच्या वस्तीला शुक्रवारीही धड दाब मिळत नाही. टाकी असलेल्या सोसायटीला गुरुवार जाणवत नाही, टाकी नसलेल्या वस्तीला दोन दिवस जाणवतो.

८. पावसाकडे न पाहणारं पाणी

नवं धरण जोडलं की प्रश्न सुटेल, असं वाटतं. २०२१ साली भामा आसखेडचं पाणी शहराच्या पूर्व भागाला मिळू लागलं, त्याने त्या भागाला दिलासा मिळालाच. मुळशीच्या पाण्याची मागणीही वारंवार होते. पण ही सगळी धरणं एकाच सह्याद्रीवर, एकाच मान्सूनखाली आहेत. खडकवासल्याला ज्या वर्षी उशीर होतो, त्या वर्षी बहुधा भामेलाही होतो. भूजलाचंही तसंच. आपल्या काळ्या पाषाणात पाणी फटींमध्ये आणि झिजलेल्या थरातच मुरतं. तो साठा मोलाचा आहे, पण लहान आहे आणि त्यालाही दर वर्षी पाऊस लागतो.

पावसाच्या लहरीशी संबंध नसलेले स्रोत दोन. पहिला गळतीचा. शहरात उचललेल्या पाण्यापैकी सुमारे ४० टक्के पाण्याचा हिशेब लागत नाही, असं महापालिकेच्याच वर्तुळात सांगितलं जातं. त्यातलं काही फुटक्या नळांतून जातं, काही मीटरशिवाय वापरलं जातं. हे प्रमाण निम्म्यावर आणता आलं, तर वर्षाला चार टीएमसी हिशेबात येतील, म्हणजे टेमघर धरणापेक्षा थोडे जास्तच. समान पाणीपुरवठा योजनेतल्या नव्या टाक्या, नळ आणि मीटर यांचं मोल इथे आहे.

दुसरा स्रोत सांडपाण्याचा. शहर रोज पाणी वापरतं, म्हणून रोज सांडपाणी तयार होतं, मग जून कोरडा असो की ओला. मुंढव्याच्या जॅकवेलमधून वर्षाला साडेसहा टीएमसी प्रक्रिया केलेलं पाणी शेतीसाठी कालव्यात सोडायचं, असं ठरलेलं आहे. ते पूर्ण प्रमाणात आणि चांगल्या दर्जाचं मिळालं, तर शेतकऱ्याला धरणाच्या भरवशावर कमी राहावं लागेल. पण अर्धवट शुद्ध केलेलं पाणी त्याच्या माथी मारून हा व्यवहार पुरा होत नाही. त्याची शंका खोडायची, तर त्या पाण्याची तपासणी नियमित आणि उघड व्हायला हवी.

९. निर्णय ऑक्टोबरात

पाऊस कसा पडेल, हे कुणाच्या हातात नाही. तो कमी पडला तर काय करायचं, हे मात्र आधी ठरवता येतं. आज पुण्यात ते बहुतांशी ऐनवेळी ठरतं. पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली कालवा सल्लागार समितीची बैठक भरते, शहराचे आणि ग्रामीण भागाचे लोकप्रतिनिधी आपापली बाजू मांडतात, आणि साठा जितका कमी तितका आवाज चढतो.

ऑक्टोबरात धरणं भरलेली असतात. पुढच्या जूनमध्ये कोण अडचणीत येणार, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नसतं, त्यामुळे न्याय्य नियमावर एकमत होणं त्या वेळी सर्वांत सोपं. त्या बैठकीने तीन गोष्टी आकड्यांत जाहीर कराव्यात: ३१ ऑगस्टपर्यंत पिण्यासाठी राखून ठेवायचं पाणी, १ मार्च आणि १ मे या तारखांना साठा किती खाली गेला की शहराची किती टक्के कपात सुरू होईल, आणि त्याच पातळीला शेतीचं कोणतं आवर्तन किती कमी होईल. हे तीन आकडे कागदावर असले की मे महिन्यात नळ का आटला, याचं उत्तर प्रत्येक पुणेकराला आणि प्रत्येक इंदापूरकराला स्वतःच काढता येईल.